यंत्रांची येळवस

यंत्रे थांबून चौथा दिवस उजाडला होता. मांजरा नदीकाठच्या स्वयंशेती केंद्रात बारा हजार एकर ज्वारी पोटऱ्यात आली होती. पाण्यावाचून पाने वळू लागली होती आणि तीनशे शेतयंत्रे बांधाला रुसून उभी होती. नियंत्रणकक्षातले सगळे दिवे मात्र हिरवे. बिघाड म्हणून कुठे नव्हताच.

यंत्रशिक्षणतज्ज्ञ शैलजा बिराजदारला हसू येत होते आणि संतापही. सहा वर्षे तिने वेळा अमावस्येची रजा मागितली होती आणि संचालक फणसे यांनी सहाही वेळा एकच उत्तर दिले होते, "यंत्रं सुट्टी घेत नाहीत."

"दरवर्षी एक दिवस थांबतात, ते आपण सोसलं," फणसे म्हणाले. "तारीखही ठरलेली नाही. एकदा तीनशे चोपन्न दिवसांनी, मग तीनशे पंचावन्न, मग एकदम तीनशे चौऱ्याऐंशी! बाहेरच्या तज्ज्ञांनी हात टेकले."

"त्यांनी पंचांग उघडलं नाही, सर. अधिक महिना आला की वर्ष लांबतं. यंत्रं येळवशीला थांबतात."

"येळवस?"

"वेळा अमावस्या. हाती आलेल्या खरिपासाठी आणि उभ्या रब्बीसाठी अख्खं गाव शेतात जाऊन जेवतं. त्या दिवशी कामाला कुणी हात लावत नाही. ही सगळी यंत्रं चालवणाऱ्या आपल्या क्षेत्रप्रज्ञेला शेती कुणी शिकवली? याच गावांच्या तीस वर्षांच्या नोंदींनी. पाणी कधी द्यायचं हे ती जिथून शिकली, तिथूनच हेही शिकली."

"मग तेवढं पुसून टाक."

"शिजलेल्या वरणातून मीठ काढता येतं का?"

फणशांचा आवाज चढला. "तर मग सक्तीची आज्ञा दे. तुझ्या किल्लीशिवाय ती जात नाही."

"देणार नाही."

"नोकरी जाईल, शैलजा."

"जाऊ दे. यंत्राला कळलं ते तुम्हाला कळेना, याचीच मला लाज वाटते. आणि सक्ती केली तरी एकच पाणी मिळेल. उद्या पुन्हा थांबतील."

तरी एक गोष्ट तिला छळत होती. दरवर्षी एकच दिवस. यंदा चौथा का? तिने जुन्या वर्षांच्या पाऊलनोंदी पडद्यावर आणल्या. प्रत्येक येळवशीला आठव्या पट्ट्यात दोन माणसांची पावले होती. यंदा एकाचेही नाही. तिने फोन उचलला. रखवालदार गुंडूमामांना फणशांनी पावसाळ्यातच घरी बसवले होते. कॅमेरे असताना माणूस कशाला, म्हणून.

"मामा, येळवशीला तुम्ही कुठं असायचा?"

"कुटं म्हंजे? शेतातच की, बाई," मामा चाचरले. "सावलीला कडब्याची कोप उभी करायचो. आमची म्हातारी भज्जी, उंडे, अंबील घिऊन यायची. सायबास्नी सांगू नगा."

शैलजाने फोन ठेवला. "सर, नोंदींत क्रम ठरलेला आहे. काम थांबतं, माणसं येतात, जेवतात, मग काम सुरू होतं. माणसं आली नाहीत, म्हणजे क्षेत्रप्रज्ञेच्या हिशेबी सण अजून झालेलाच नाही. ती वाट बघतेय."

फणशांनी बांधाला उभ्या यंत्रांकडे पाहिले. वाळणाऱ्या ज्वारीपुढे त्यांचाही इलाज नव्हता.

"बोलाव त्यांना," ते अखेर म्हणाले.

"दोघांनाच नाही. सगळ्या कर्मचाऱ्यांना सुट्टी. आणि दरवर्षी. लिहून द्या." त्यांनी लिहून दिले.

दुपारी आठव्या पट्ट्यात कोप उभी राहिली. भज्जीचा वास सुटला. सहा वर्षांनी मातीवर मांडी घालताना शैलजाचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. मामांनी अंबिलीचे मडके फणशांच्या हातात दिले. "आधी पिकावर शिंपडा, सायेब. मग जेवा."

साहेबांनी पँट वर खोचून पाटाच्या कडेने अंबील शिंपडली, पोटभर जेवले आणि घड्याळाकडे पाहिले. यंत्रे जागची हलली नव्हती.

"आता सुरू होतील ना?"

गुंडूमामा कडब्यावर ऐसपैस टेकले.

"आज? आज येळवस हाय, सायेब. आज कोन काम करतंय?"