टिटवीची तिसरी टाकी

"तिसरी उडी!" म्हणत मोजपट्टीने फासे टाकले. प्रोफेसर त्यांच्यावर ओणवा झाला.

"नऊ! जमलं! टिटवी यान निळ्या ताऱ्यापाशी पोचलं!"

"शक्यच नाही!" भोंगा इतक्या जोरात ओरडला, की खाली स्वयंपाकघरात मामीच्या हातातलं झाकण खणखणत पडलं.

भोंगा हा मोजपट्टीचा धाकटा भाऊ. आवाजावरून त्याला हे नाव पडलं होतं. मोजपट्टी तेरा वर्षांची. पुस्तक असो की पोळी, हातात पट्टी घेऊन मापल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सुट्टीत दोघं मामाकडे आली होती आणि मामाच्या दोन मुलांबरोबर, चष्मेवाल्या प्रोफेसरबरोबर आणि दहा वर्षांच्या चिमणीबरोबर, चार दिवस माळ्यावरच्या खोलीत अंतराळात भटकत होती!

खेळ प्रोफेसर चालवायचा. प्रत्येकाने चौकटीच्या कागदावर आपलं यान आखायचं. वजन शंभर टन, त्यावर एक टनही नाही. त्यातच इंजिन, खोल्या, मालखाना, इंधन सगळं बसवायचं. एका उडीला दहा टन इंधन लागतं. आणि प्रवासी घ्यायचे असतील, तर संकटात जीव वाचवणाऱ्या सुटकापेट्या हव्यातच.

"माझं यान दोन उड्यांत कोरडं ठणठणीत पडलं!" भोंगा कुरकुरला.

"चाळीस टनांच्या तोफा लादल्यास. मग इंधन काय डोक्यावर घेणार होतास?" प्रोफेसर म्हणाला.

"मग हिने तिसरी टाकी कुठे बसवली?"

"वाचवली जागा. इकडून थोडी, तिकडून थोडी," मोजपट्टी म्हणाली.

"उगाच नाही तिला मोजपट्टी म्हणत!" चिमणी कौतुकाने म्हणाली. तिचं स्वतःचं यान नव्हतं. ती खेळात वैद्य होती आणि टिटवीतून प्रवास करत होती.

प्रोफेसरने पुन्हा फासे टाकले आणि आवाज खोल केला. "उल्का आदळली! यानाला भोक पडलंय! सुटकापेट्या आहेत ना?"

"आहेत की. पाच," मोजपट्टी पटकन म्हणाली.

"हुश्श!" चिमणीने छातीवर हात ठेवला. "ताई, तुझ्या यानात मला कसलीच भीती वाटत नाही."

मोजपट्टीचे कान तापले. तिने कागद हळूच वहीखाली सरकवला. कागदावर पाच सुटकापेट्या होत्या, दोन-दोन टनांच्या. पण त्याच चौकटी तिने फिक्या पेन्सिलीने तिसऱ्या टाकीतही धरल्या होत्या. तेच दहा टन दोनदा! कोणी तपासलं नव्हतं. 'खेळच तर आहे,' असं तिने स्वतःला दहा वेळा बजावलं. पण दहाव्यांदाही ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघंही मामाच्या लाँचमध्ये बसली. मामाची लाँच तलावकाठच्या धक्क्यावरून पलीकडच्या गावी माणसं न्यायची. चाळीस माणसं होती. कोणाच्या मांडीवर तान्हं बाळ, कोणाच्या पायाशी भाजीची टोपली.

मामा भलताच खुशीत होता. "आता मधे डिझेल भरायला जाणं बंद! चार फेऱ्या सलग! आहे की नाही गंमत?"

"बाबा, टाकी मोठी केली?" प्रोफेसरने विचारलं.

"दुसरी बसवली. मिस्त्रीचं डोकं!"

"पण कुठे?"

"आहे कुठेतरी. तू आपला चांदण्या मोज!"

"कुठेतरी म्हणजे?" भोंगा त्याच्या मते हळू बोलला, म्हणजे पहिल्या चार रांगांनाच ऐकू गेलं. "इंजिन, बाकं, केबिन! जागा आहेच कुठे?"

मोजपट्टी मागच्या लांब बाकाकडे बघत होती. बाकाच्या झाकणाला नवंकोरं कुलूप होतं. कडेला जॅकेट घातलेल्या माणसाचं पुसट चित्र होतं. आणि फटीतून डिझेलचा वास येत होता.

तिला एका क्षणात सगळं कळलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक!

"ताई, काय झालं गं?" चिमणीने विचारलं.

"काही नाही. ऊन लागतंय."

पलीकडे जाईपर्यंत आणि परत येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तान्हं बाळ तिच्याकडे बघून हसलं, तेव्हा तिने तोंड फिरवलं. धक्क्यावर उतरल्यावर मात्र तिने तिघांना बाजूला ओढलं.

"बाकाखाली जीवरक्षक जॅकेटं नाहीत. तिथे टाकी आहे."

"तुला कसं कळलं?" प्रोफेसर चकित झाला.

"अंदाज," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

लगेच मोहीम निघाली. मिस्त्रीची शेड धक्क्यामागेच होती. आत तेलकट पाने-पक्कडी, उघडी इंजिनं आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली मोठा ढीग. भोंग्याने मिस्त्रीला घेरलं. "काका, इंजिन गरम का होतं? थंड का होतं? मधेच बंद का पडतं?" मिस्त्री बिचारा उत्तरं देता देता घामाघूम झाला. तेवढ्यात चिमणी ताडपत्रीखाली शिरली आणि शिंकत बाहेर आली.

"चाळीसच्या चाळीस! आणि काही उंदरांनी कुरतडलीत!"

"अरे, ती तात्पुरती ठेवलीत," मिस्त्री गडबडला. "छताखाली फळी ठोकून तिथे लावायची आहेत. अकरा दिवस झाले, पण वेळच मिळेना."

दुपारी जेवताना प्रोफेसरने विषय काढला. मामाने हसण्यावारी नेलं.

"वीस वर्षं लाँच चालवतोय. एक माणूस बुडलाय? तुमच्या कागदी यानांचं शास्त्र मला शिकवू नका. उद्या बालवाडीची सहल आहे. परवा ठोकू फळी."

"बालवाडीची?" मामीने विचारलं.

"एकतीस पोरं."

प्रोफेसर अर्ध्या ताटावरून उठला. माळ्यावर गेल्यावर तो म्हणाला, "बाबांची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती." मोजपट्टीने मान वर केली नाही.

"रडत बसायचं की काही करायचं?" चिमणी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बालवाडीतली पोरं हट्टाला पेटली, की मोठ्या माणसांचं काही चालत नाही. आपण त्यांनाच जॅकेटं मागायला लावू!"

सकाळी धक्क्यावर चिवचिवाट होता. भोंगा एका पिंपावर चढला आणि त्याच्या आवाजाचा जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी उपयोग झाला!

"लक्ष द्या! अंतराळयान पाच मिनिटांत सुटतंय! नारिंगी पोशाख असल्याशिवाय कोणालाही आत घेतलं जाणार नाही!"

"पोशाख! पोशाख!" एकतीस गळे एकदम ओरडले. काहींनी तर जमिनीवर फतकल मारलं.

बालवाडीच्या बाई हसल्या. "अहो, द्या ना जॅकेटं. तशीही घालायलाच हवीत."

"आहेत ना, बाकाखाली," मामा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. "पण... किल्ली मिस्त्रीकडे राहिली."

"ही काय किल्ली!" शेजारीच उभ्या असलेल्या भोळ्या मिस्त्रीने खिशातून ती काढून दिली.

सगळे बघत होते. मामाला झाकण उघडावंच लागलं. आत काळी टाकी होती. बाकाखाली दुसरं काहीच नव्हतं.

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "आणि यात तुम्ही माझी मुलं बसवणार होतात?"

एवढ्यात प्रोफेसर आणि मोजपट्टी हातगाडी ढकलत आले. गाडीत नारिंगी जॅकेटांचा ढीग होता. मामाने एक उचललं. उंदरांनी त्याचा पट्टा पार तोडला होता. तो जॅकेट घेऊन पायरीवर बसला.

"माझी स्वतःची पोरं कालच बसली होती हिच्यात," तो पुटपुटला.

सहल काही तलावात गेली नाही. धड जॅकेटं घालून अंतराळवीर धक्क्यावरच्या झाडाखाली उड्या मारू लागले. बाई चौघांकडे वळल्या. "शाबास! सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं?"

तीन बोटं मोजपट्टीकडे वळली.

"हुशार आहेस हं! मुलांनो, ताईसाठी टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोजपट्टीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"नका वाजवू!" ती एकदम म्हणाली. "मला कळलं, कारण मीही हेच केलं होतं. खेळातल्या यानात. सुटकापेट्यांच्या जागी मी टाकी बसवली आणि कागदावर दोन्ही दाखवलं."

टाळ्या थांबल्या. चिमणी पुढे आली. "पण मी आत होते. प्रोफेसरदादाने विचारलं, तर तू पाच आहेत म्हणालीस."

"खोटं बोलले."

"आणि काल लाँचमध्ये? तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

"हो. कसं कळलं ते सांगावं लागेल, म्हणून परत येईपर्यंत गप्प बसले. ते बाळ होतं, तरी गप्प बसले."

चिमणी मागे सरली आणि भावाजवळ जाऊन उभी राहिली. त्यापेक्षा तिने एक चापट मारली असती तर परवडलं असतं.

मामा मात्र उठला. त्याने मोजपट्टीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल. धक्क्याच्या साहेबांकडे जायचंय मला."

साहेबांची खोली लहानशी होती. कुरकुरणारा पंखा, भिंतीवर लाँचचे परवाने, टेबलावर फायलींची चळत. दाराशी मामाचे पाय अडखळले.

"तू सांगतेस का? तुला नीट मांडता येतं."

"नाही मामा. तुझं तूच सांग. मी शेजारी उभी राहते."

मामाने सांगितलं. अकरा दिवस, चव्वेचाळीस फेऱ्या, कुलूप, उंदीर, काहीही गाळलं नाही. बोलताना त्याच्या हातातली टोपी चुरगळून गेली.

"टाकी निघून, तपासणी होईपर्यंत लाँच बंद," साहेब कडक आवाजात म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं या खुर्चीत आहे. चूक पकडून आणलेले पुष्कळ पाहिले. आपल्या पायांनी आलेला तू पहिला."

"माझं कसलं, साहेब? या चौघांनी मला पकडलं. आणि इथे यायचं धैर्य या पोरीकडून घेतलं." मामाने भाचीला पुढे केलं. "आत्ता तिथे सगळ्यांसमोर ही जे बोलली, ते मला वीस वर्षांत जमलं नसतं."

"शाबास, पोरी," साहेब म्हणाले.

या वेळी तिने मान हलवली नाही, की नकोही म्हटलं नाही. कान अजून तापलेलेच होते. मागे कुणाच्या तरी चपला वाजल्या, म्हणून तिने वळून पाहिलं. दाराच्या चौकटीला टेकून चिमणी उभी होती. ती आत आली आणि मोजपट्टीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.