साच्यावरच्या अक्षता

आजोबांचं ग्लायडर (इंजिन नसलेलं विमान) तीनशे किलोमीटर जायचं होतं, ते चाळिसाव्या किलोमीटरला ज्वारीच्या शेतात उतरलं. पण अजून असं काही झालेलंच नाही. आपण खंडेनवमीपासून सुरुवात करू.

त्या दिवशी आजोबांच्या कारखान्यात हत्यारांची पूजा होती. सहावीतल्या ऋजुताने पान्यांना हळद-कुंकू लावलं आणि हात मोकळाच होता म्हणून पंखांच्या दोन्ही साच्यांवरही कुंकू लावून मूठमूठ अक्षता टाकल्या. ओल्या कुंकवात त्या पक्क्या चिकटल्या. दुसऱ्या दिवशी सपाट नावाच्या यंत्रमानवाने त्याच साच्यांत पांढरा रंग फवारला, वर कार्बनच्या धाग्यांचं कापड अंथरलं, त्याला राळ (वाळली की दगड होणारा चिकट द्रव) पाजली, प्लास्टिकची पिशवी चढवून आतली हवा ओढून घेतली आणि सगळं भट्टीत शेकलं. पंख निघाले तेव्हा पुढच्या कडांवर मिळून सदतीस खळगे होते.

"अक्षता पुसल्या का नाहीस?" ऋजुताने विचारलं.

"पूजा मोडायची नाही, अशी आजोबांची सूचना होती," सपाट म्हणाला. "खोली दीड मिलिमीटर. बुजवायला तीन आठवडे."

आजोबांकडे दोनच होते. मग पंचाहत्तरी, आणि पंचाहत्तरीनंतर उडायचा परवाना नाही. तीनशे किलोमीटरचं पदक चाळीस वर्षं त्यांना हुलकावणी देत होतं.

"माझ्या गालावर याहून मोठे खळगे आहेत," ते म्हणाले, "तरी दाढी होते." आणि चांगलं ऊन पाहून उडाले.

शेवटी ते ज्वारीचं शेत आलंच. ऋजुता जीपने पोचली, तेव्हा आजोबा बांधावर बसून शेतमालकाचा चहा पीत होते.

"एवढ्याशा खळग्यांनी?"

"हवा पंखावरून पत्त्यांच्या गड्डीसारखी सरकते, थरावर थर. याला स्तरीय प्रवाह म्हणायचं. तशी सरकली तर पंखाला मागे कमी ओढते. खळगा आला की थर विस्कटतात, मागे नुसते भोवरे. इंजिन असतं तर जोर लावला असता. आपल्याकडे फक्त उंची. ती लवकर संपली."

"म्हणजे माझ्यामुळे."

"सपाटने मोजून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." आजोबांनी कपातला गाळ ओतला. "पुढचे पंख तू कर. आधी साचा हाताने चाचप. बोटाला कळतं ते डोळ्याला कळत नाही."

ऋजुताने साचे पुसले, बोट फिरवलं. काचेसारखे गुळगुळीत. नव्या पंखांना पाच आठवडे लागणार होते आणि पंचाहत्तरीला उरले होते पाच दिवस. म्हणून तिने अर्ज लिहिला:

"मा. परवाना अधिकारी यांस,
विषय: वय थांबवणेबाबत.
नवीन पंख तयार होईपर्यंत आमच्या आजोबांचे वय आज आहे तितकेच धरण्यात यावे व दरम्यान त्यांनी साजरा केलेला कोणताही वाढदिवस ग्राह्य धरू नये, ही नम्र विनंती."