काळाचौकीचा सुरा

छप्पन्न सालच्या फेब्रुवारीत, दिवेलागणीला, काळाचौकीच्या एका चाळीच्या जिन्यात राजाराम परबला कुणीतरी पाठीमागून भोसकलं. राजाराम गिरणीतला विणकर. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळासाठी खात्याखात्यांतून माणसं उभी करणारा. तो वाचला. शुद्धीवर येताच त्यानं शेजारच्या शामराव लोहाराचं नाव घेतलं, आणि पोलिसांनी शामरावला आत टाकलं.

शामरावची बायको मालन खोताच्या वाडीत यशवंत तळपद्यांकडे आली. खाजगी तपास हा तळपद्यांचा धंदा. त्यांचे मित्र केरकर तिथंच चहा पीत बसले होते.

"हरताळाच्या दिवशी ह्यांनी भट्टी पेटवली, म्हणून दोघं कडाकडा भांडले," मालन म्हणाली. "पण म्हणून हे सुरा मारतील? गावापासूनचे दोस्त ते!"

चौकीत इन्स्पेक्टरनी जिन्यात सापडलेला सुरा तळपदे आणि केरकरांपुढे ठेवला. टोक वाकलेलं, त्यावर निळसर डाग. पातं मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचं. तळपद्यांनी परवानगी घेऊन लाकडी मूठ उपटली. आतल्या पोलादावर लोखंड घासायच्या कानशीचे दाते होते, शाबूत.

"जुन्या कानशीचा सुरा. हे आपल्या तिघांतच राहू द्या," तळपदे म्हणाले.

कोठडीत शामराव एवढंच बोलला, "माझे सुरे मोटारीच्या कमानीचे, स्प्रिंगच्या पट्टीचे. अख्ख्या काळाचौकीला विचारा."

धार लावणारा दगडू त्या संध्याकाळी जिन्यातून पळताना दिसला होता. "रक्त बघून घाबरलो, साहेब," तो म्हणाला. बोलताना तो पायानं चाक फिरवत होता. वरच्या डब्यातून चाकावर पाणी ठिबकत होतं.

जिन्यात पडलेल्या राजारामला सगळ्यांत आधी उचललं ते बाबुरावनं, गिरणीच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रीनं. तो विजेच्या चाकावर छिन्नी घासत होता. ठिणग्या उडत होत्या.

"पाणी नाही वापरत?" केरकरांनी विचारलं.

"एवढा वेळ कुणाला आहे?"

"सुरा कुणी केला असेल?" तळपद्यांनी विचारलं.

"लोहारच तो! जुनी कानस ठोकली की झाला सुरा."

संध्याकाळी तळपद्यांनी बाबुरावला चौकीत बोलावून घेतलं.

"लोहार पोलाद तापवून ठोकतो," ते म्हणाले. "पातं टोकाकडे पातळ होत जातं, कानशीचे दाते घणाखाली चेपतात. हा सुरा घडवलेला नाही. चाकावर घासून काढलाय."

"मग दगडू!" केरकर म्हणाले.

"त्याच्या चाकावर पाणी असतं. निळा डाग म्हणजे पातं कोरड्या चाकावर तापलं. पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरला, म्हणून टोक बरगडीवर वाकलं आणि राजाराम वाचला."

"वर्कशॉपात चाक वापरणारे पुष्कळ आहेत," बाबुराव म्हणाला.

"कानस मात्र तुम्हीच म्हणालात. दाते मुठीत दडलेले होते. शामराव कमानीचे सुरे करतो हे सगळ्यांना ठाऊक. मग तुम्हाला कानस कशी सुचली?"

बाबुराव खाली बसला आणि त्यानं सगळं कबूल केलं. हरताळवाल्यांची नावं तोच मॅनेजरला पुरवत होता, आणि राजारामला त्याचा सुगावा लागत चालला होता.

शामराव सुटला तो घरी गेलाच नाही. मालनला घेऊन थेट परळच्या इस्पितळात गेला. राजारामनं त्याला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"शामा, मी तुझं नाव घेतलं रे."

शामरावनं स्टूल ओढलं.

"आधी बरा हो. भांडू मग."