घरासकट आलेला वर्लिन

इंडियानातल्या त्या कारखान्यात घरं रुळांवरून सरकत. आधी जमीन, मग भिंती, मग छप्पर. त्या सकाळी छपराच्या टप्प्यावर एक घर सरकत आलं आणि त्याच्याबरोबर, भिंतीला ऐटीत रेलून, वर्लिन श्रॉकही आला.

"तुम्ही भिंतींवाले ना?" नोएमीनं विचारलं. कामगारांच्या सुरक्षेचं काम नुकतंच तिच्याकडे आलं होतं.

"हो... म्हटलं, छप्पर कसं घालतात बघावं."

"मग या की बाहेर."

"इथंच बरं आहे." तो हसला. हसू गोड होतं, पण डावा पाय जागचा हलेना. नोएमीनं वाकून पाहिलं — खिळा बुटातून थेट फळीत.

"बोटांच्या मधून गेलाय, नुसतं खरचटलंय," तो कुजबुजला. "बोलू नका ना. पोरं मला कच्चं खातील."

महिनाभर कुणाला लागलं नाही, तर शुक्रवारी सगळ्यांना भाजलेल्या मांसाची मेजवानी मिळे. म्हणून लागलेलं बोट चिकटपट्टीत गुंडाळून जो तो गप्प बसे. आणि नोएमीनं खिळे ठोकायच्या चांगल्या बंदुका मागितल्या, की कारखान्याचे लॅम्ब्राइटसाहेब म्हणत, "इथं लागतंय कुणाला?"

"उद्या खिळा कुणाच्या डोळ्यात गेला तर?" ती म्हणाली.

तेवढ्यात साहेबच आले. नोएमी नुसती वर्लिनकडे बघत राहिली.

त्यानं घसा खाकरला. "साहेब... मला खिळा लागलाय."

"गेलं जेवण," छपरावरून कुणीतरी हातमोजा फेकून मारला.

"कसा लागला?" साहेबांनी विचारलं.

"चाप दाबून धरला होता. बंदूक बुटाला टेकली, खिळा सुटला."

"आणि लक्ष कुठं होतं?"

वर्लिन कानापर्यंत लाल झाला. "नोएमी मॅडम चालल्या होत्या... तिकडं."

छप्पर हसून हसून हललं. नोएमी खिळा उपटायला वाकली ती बराच वेळ वर बघेचना.

नव्या बंदुका आल्या. आता दर खिळ्याला चाप सोडून पुन्हा दाबायचा. काम रेंगाळतं म्हणून सगळे कुरकुरत होते. वर्लिन तेवढा खूश.

"दोन खिळ्यांच्या मध्ये वेळ मिळतो," तो म्हणाला. "बघायला..."

"खिळ्याकडे बघ," नोएमी म्हणाली. आज पहिल्यांदाच तिनं त्याला अरेतुरे केलं. "माझ्याकडे शुक्रवारी बघ. जेवताना. साहेबांची मेजवानी गेली तर गेली, मांस मी भाजते."

वर्लिननं चाप सोडला, बंदूक नीट खाली ठेवली, आणि मगच हसला.