गिटारच्या पोटातले तांदूळ

ट्यूब नको लावूस, इशिता. समई पुरे. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं आहे ना? असू दे. संध्याकाळी सात वाजले की ते दार आम्ही उघडत नाही. दिवेलागणीपासून तू दोनदा विचारलंस, काका बाहेर का येत नाहीत, आणि तुझी आत्या, म्हणजे माझी आई, नुसती हसली. ती काही सांगायची नाही. मी सांगते. पण मध्येमध्ये 'सुखदाताई, शांत हो' म्हणायचं नाही. मला शांत व्हायचंच नाहीये. एवढ्या महिन्यांत माझा राग तसूभर कमी झालेला नाही, आणि होऊही नये.

नोव्हेंबरातली गोष्ट. मी ऑफिसातून लवकर निघाले आणि मेट्रोने करोल बागेत गेले. काम साधंच होतं, एक जुनी गिटार बघायची होती. ॲपवर फोटो पाहिला होता: लाल रंगाची, सेमी-हॉलो, 'थोडीशी वापरलेली'. बाजारात ही गर्दी, हवेत जळका धूर, डोळे चुरचुरत होते. लेहंग्यांची दुकानं ओलांडली, गाड्यांच्या सीट कव्हरची गल्ली ओलांडली, आणि एका अरुंद जिन्यावरून वर चढले.

सेमी-हॉलो म्हणजे अर्धी पोकळ गं. मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही अंगांना पोकळ, आणि पोटावर दोन लांबट वळणदार फटी. इलेक्ट्रिकच, पण वायर न जोडताही हळू आवाजात बोलते. आपला सुधन्वा म्हणायचा, "ताई, जुनी गिटार घेताना आधी वायर लावायची नाही. आधी मुकी ऐकायची. खोटारडी असली तर तिथेच कळतं." त्याची तशीच होती, लाल. दसऱ्याला आपण घरातली सगळी हत्यारं-अवजारं पुजतो, तशी आईने तीही पुजली होती. हळदकुंकू वाहिलं आणि अक्षता टाकल्या, त्यातले तांदूळ फटीतून गेले आत! काय चिडला होता. "आई, आता जन्मभर खुळखुळणार ही!" खरंच खुळखुळायची. किती झटकली तरी ते दाणे बाहेर येईनात.

मग जानेवारी आला, या नोव्हेंबरच्या आधीचा. धुकं, धौला कुआंचा पूल, एक ट्रक. तुला ठाऊक आहे ते. पण हे ठाऊक नसेल की ओळख पटवायला मी एकटी आत गेले होते. बाबा बाहेर बाकावर बसून राहिले. चेहरा दाखवण्यासारखा नव्हता. चादरीखालून मी त्याचा डावा हात ओढला आणि बोटांची टोकं चाचपली. चारही बोटांना तारांनी पडलेले घट्टे, वाळल्या चिंचोक्यासारखे कडक. म्हटलं, हा आमचाच.

दहाव्याला यमुनेच्या घाटावर पिंड ठेवला. वर घारी ढिगाने, कावळा मात्र नावाला नाही. आम्ही गारठत उभे. गुरुजी म्हणाले, "गेलेल्याचं काही राहिलं असेल तर कोणीतरी बोला. शब्द द्या." आईने तोंडात पदर कोंबला होता. मी पुढे झाले, "सुधन्वा, तुझी गिटार..." एवढंच बोलले असेन, तेवढ्यात बाबा घड्याळ बघत म्हणाले, "गुरुजी, दर्भाचा करा. दोन वाजता मीटिंग आहे माझी."

म्हणजे गवताचा कावळा! तो पिंडाला टेकवायचा आणि म्हणायचं, शिवला. फाईल क्लोज. आयुष्यभर मिनिस्ट्रीत हेच केलं या माणसाने, आणि पोटच्या पोरालाही तसंच निकालात काढलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द त्यांनी द्यायला हवा होता, बापाने!

तेराव्याच्या आत गिटारही विकून टाकली. मी घरी आले तर भिंतीवर नुसता हुक. "जागा अडत होती," म्हणाले. त्या दिवसापासून आईने बाबांशी बोलणं टाकलं. पोळी वाढायची, पण शब्द नाही.

आणि मग भांडी सुरू झाली.

सकाळी सात, संध्याकाळी सात, या सुधन्वाच्या रियाजाच्या वेळा. बरोब्बर त्या वेळी स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे स्टीलचे डबे, पातेली, झाकण्या गुणगुणायला लागायच्या. पडायचं काही नाही. नुसता हूं... असा आवाज, दातात जाणारा. बाबा म्हणाले, "खालून मेट्रो जाते." अच्छा? दिल्लीत धुळवडीला मेट्रो दुपारपर्यंत बंद असते. धुळवडीच्या सकाळी सात वाजता आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे होतो आणि मांडणी गुणगुणत होती. मी म्हटलं, "कुठली मेट्रो गेली, बाबा?" ते पेपर घेऊन बाल्कनीत निघून गेले.

माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की त्याचा जीव गिटारमध्ये अडकलाय. ती परत आणायची, दहीभाताचा घास ठेवायचा आणि खरा कावळा बोलवायचा. म्हणून दिसेल त्या लाल गिटारमागे मी सात-आठ महिने फिरत होते. नोएडा झालं, गुडगाव झालं. करोल बागेतला तो जिना चढताना मला आशाही उरली नव्हती.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पॉलिशचा आणि ओल्या पोपडीचा वास. भिंतीभर गिटारी टांगलेल्या, आणि प्रत्येकीच्या तारांमध्ये फडक्याच्या चिंध्या करकचून गुंडाळलेल्या. मी विचारलं, "ये कपड़े क्यों बांधे हैं?"

"धूल बहुत है, मैडम," दुकानदार म्हणाला. पन्नाशीचा गडी, बोलताना सारखा घड्याळाकडे बघत होता. त्याने माझ्यापुढे तीन लाल गिटारी मांडल्या. तिन्ही सारख्या, तिन्ही नव्या पॉलिशने चकचकीत. हळदकुंकवाचा डाग कशावरही नाही.

पहिलीची मान मी डोळ्यापाशी धरून पाहिली. सरळ होती. वायर न लावता छेडली. गोड वाजली, अगदी लग्नातल्या बँडवाल्याला शोभेल अशी गोड. दुसरी जड होती, पट्ट्या झिजलेल्या, एका जागी सूर फाटत होता. मी मुद्दाम वेळ काढत होते. हालवून बघितल्या दोन्ही. काही नाही.

"आप ये वाली ले जाइए," तो तिसरी पुढे सरकवत म्हणाला. "सबसे अच्छा पीस है. दाम जो ठीक लगे." जुना माल विकणारा माणूस असं कधी म्हणत नाही, इशिता. मी ती उचलली. गार होती, फरशीसारखी. छेडायच्या आधी हळूच हालवली.

खुळ्... खुळ्...

खाली बसले मी, त्या कळकट फरशीवर. फटीला नाक लावलं तर आत हळदीचा वास.

"सात बजने वाले हैं," दुकानदार म्हणाला. त्याने शटर अर्धं ओढलंसुद्धा होतं. "मैं सात के बाद रुकता नहीं. मैडम, प्लीज़..."

आणि भिंत गुणगुणली. चिंध्या बांधलेल्या सगळ्या तारा, एकदम, गुदमरल्यासारख्या. तोंडात बोळा कोंबलेला माणूस ओरडतो ना, तशा. माझ्या मांडीवरची तेवढी गप्प होती. पण तिची पाठ थरथरत होती, रागाने थरथरते तशी. मला भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू? मला वाटलं, चिड रे बाबा, चिड. तुझ्या वतीने मी एकटीच किती चिडू?

"तीन लोग वापस कर गए," तो कुजबुजला. "आप मत लाना. बस... मत लाना."

गिटार घरी आणली तेव्हा बाबा टूरवर होते, दुसऱ्या दिवशी यायचे होते. दुसऱ्या संध्याकाळी मी बाल्कनीत पाट मांडला, केळीच्या पानावर दहीभात ठेवला आणि शेजारी गिटार टेकवली. आई चौकटीत उभी राहून बघत होती. अंधार पडला होता, धुरकट, समोरच्या ब्लॉकचे दिवेही पुसट दिसत होते. अंधारात कावळा येत नाही, एवढं मलाही कळतं. पण सकाळी ठेवला होता तेव्हाही आला नव्हता. जवळपास फिरकला नव्हता.

बाबा आले. बॅग खाली ठेवायच्या आधी त्यांनी गिटार पाहिली.

"हे काय खूळ आहे? पुन्हा आणलीस ती ब्याद?"

"ब्याद?" मी म्हटलं. "तुम्ही गवताचा कावळा लावून पोराला वाटेला लावलंत, बाबा! आता हा खरा येईपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही. बोला. गिटार कोणाला देणार नाही म्हणा."

"सुखदा, आवाज खाली. शेजारी ऐकतील..."

"ऐकू देत! सगळा ब्लॉक ऐकू दे!"

सात वाजले. आत मांडणी सुरू झाली, त्या दिवशी कधी नव्हे इतकी मोठ्याने. एक झाकणी घरंगळत बाहेरच्या खोलीपर्यंत आली. बाबांचा चेहरा पांढरा पडला. रडकुंडीला येऊन ते कसेबसे म्हणाले, "नाही देणार... कोणाला नाही देणार..." कावळ्याचा पत्ता नाही. गुणगुण वाढतच चालली.

आणि आई बोलली. दहा महिन्यांनी नवऱ्याशी बोलली ती.

"त्याला गिटार नको होती. गिटारचं काय घेऊन बसलात दोघं?" तिचा आवाज अगदी सपाट होता. "अपघाताच्या संध्याकाळी त्याने नवीन बसवलेलं काहीतरी वाजवायला घेतलं. तुमच्यापुढे बसला. म्हणाला, बाबा, एकदाच पूर्ण ऐका. तुम्ही अर्ध्यावर उठलात. 'हे मजुरासारखे हात करून घेतलेस, त्यापेक्षा अभ्यास केला असतास,' म्हणालात आणि आत निघून गेलात. तो तसाच स्कूटर घेऊन गेला. उठा म्हटलं नव्हतं तुम्हाला कोणी. का उठलात?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मनात आलं, या माणसाला आता फरशी गिळून टाकू दे.

बाबा मटकन खाली बसले. सूट-बूट घातलेले, तसेच पाटासमोर. गिटारकडे तोंड केलं.

"वाजव," ते म्हणाले. "वाजव, सुधन्वा. ऐकतो मी. तुझं संपेपर्यंत... संपेपर्यंत उठणार नाही."

मांडणी गप्प झाली, कोणी हात ठेवल्यासारखी. आणि कठड्यावर पंख वाजले.

त्या मिट्ट अंधारात कावळा आला, इशिता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मोठा, ओलसर. दहीभाताकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. टुणकन पाटावर आला, गिटारच्या फटीत चोच घातली, मानेपर्यंत, आणि आतले तांदूळ टिपले. एक, मग एक, मग एक. शेवटचा दाणा चोचीत धरून तो बाबांकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग उडाला.

मी आईच्या गळ्यात पडून हमसून रडले. म्हटलं, सुटला गं, सुटला आपला सुधन्वा.

तेव्हापासून भांडी गप्प आहेत. गिटार हालवली तर आत काही वाजत नाही. आई बोलते, जेवते, गाणी म्हणते. आणि बाबा रोज सातला गिटार घेऊन त्या खोलीत जातात, दार लोटतात. सुरुवातीला मला बरं वाटलं. भोगा म्हटलं. ऐका आता. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, "अजून संपलं नाही." आठवड्याने मी चिडून गिटारच्या सगळ्या तारा काढून टाकल्या. त्यांना फरक पडला नाही. आजही ती बिनतारेचीच आहे. मिनिस्ट्री सुटली, पेपर सुटला. परवा मी चहा घेऊन गेले आणि 'बाबा' म्हणून हाक मारली, तर वर पाहायला त्यांना वेळ लागला. दुसऱ्या कोणाला हाक मारली असेल असं वाटलं असावं.

आता तू सांग. दुपारी तू त्यांना वाकून नमस्कार केलास, तेव्हा त्यांनी तुझ्या गालावरून हात फिरवला. डावा हात. तू दचकलीस, मी बघत होते. काय लागलं तुझ्या गालाला?

थांब, मीच सांगते. चार बोटांची टोकं, वाळल्या चिंचोक्यासारखी. माझ्या बाबांनी जन्मात एक तार छेडली नाही, इशिता. आणि ते घट्टे मी एकदा चाचपले आहेत, चादरीखाली.

तुझी आत्या का हसते, कळलं? तिचा मुलगा घरी आहे. तिला पुढचं काही विचारायचं नाही. मला विचारायचंय, पण कोणाला विचारू? मी माझ्या बापावर एवढी चिडले होते, अजून चिडलेली आहे, आणि आता तो राग काढायला समोर कोण उरलंय तेच कळत नाही.

त्या संध्याकाळी कावळा कोणाला शिवला?