चंबूला कळलेला विनोद

तळघरातल्या त्या खोलीत भर दुपारीही काळा पडदा ओढलेला असे. चित्रकार लेकीनं हल्ली रंग सोडून जीव पाळले होते. काचेच्या गोल चंबूत समुद्राचं पाणी आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. पाणी हललं की ते निळे चमकत, एरवी नाही. प्रदर्शनात लोकांना दुपारी उजेड दिसावा म्हणून तिनं रात्री दिवे लावून आणि दिवसा अंधार करून त्यांचं घड्याळच उलटं फिरवलं होतं.

घरी एकटे नकोत म्हणून बाबांना ती सोबत आणी. बाबा म्हणजे निवृत्त बस कंडक्टर, तिकिटाबरोबर विनोद फुकट देणारा माणूस. पण आई गेल्यापासून आठ महिने तोंडाला कुलूप. हो, नको, बस्स. त्यांनी पुन्हा बोलावं, एवढंच तिला हवं होतं. प्रदर्शन गेलं खड्ड्यात.

एका दुपारी पडद्याआडून बाबांचा आवाज आला. ते चंबूला विनोद सांगत होते. शेवट आला आणि चंबू लखलखला.

चंबूखालचं स्टूल हललं असेल, तिनं ठरवलं. चंबू भिंतीतल्या दगडी फळीवर, जाड रबरावर ठेवला. बाबांनी विनोद सांगितला, चंबू चमकला. तिनं सांगितला, पाणी ढिम्म. तुझं काम नाही ते, म्हणत बाबा पोट धरून हसले.

आठवड्याभरात ते शेजाऱ्यांनाही हसवू लागले. लेकीला आभाळ ठेंगणं झालं. मग चंबू विनोदाच्या शेवटाआधीच चमकू लागला.

"तुझ्या आईची खोड," बाबा सहज म्हणाले. "शेवटापर्यंत धीर कुठे होता तिला?"

तिच्या अंगावर काटा आला. हसूही आलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी उजेड मंदावला. जीव मरत होते. इलाज नव्हता. सकाळी तिनं नव्या चंबूत ताजे जीव भरले, जुना उकळत्या पाण्यानं धुतला, पुसून बेसिनजवळ पालथा घातला.

दुपारी बाबांनी विनोद सांगितला.

शेवट आला.

नवा चंबू काळाच.

बाबांचे ओठ मिटले. पुन्हा ते कुलूप पडणार, या भीतीनं तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

बेसिनजवळ निळा उजेड पडला.

"उशिरा का होईना, कळला," बाबा म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तीही हसली.

हसतहसतच तिनं तो चंबू उचलला. कोरडा ठणठणीत.

पुढच्या विनोदासाठी बाबांनी घसा खाकरला, आणि चंबू तिच्या हातात हळूहळू थरथरू लागला, हसू दाबल्यासारखा.