गिलाव्याचा आणखी एक थर

धुतलेली चादर घालायला आई लेकीच्या खोलीत गेली आणि भिंतीकडची कड गादीखाली खोचायला तिची बोटंच आत जाईनात. मागच्या खेपेला तिथून अख्खा हात जायचा. खाट कुणी सरकवली नव्हती. भिंतच पुढे आली होती.

आणली होती बाबांनी. बाबा गवंडी. शाळेची एक बाजू कोसळली, लेक ढिगाऱ्याखाली अडकली आणि देवाची कृपा म्हणून जिवंत बाहेर आली. जखमाही भरल्या. पण जिला बाबा कौतुकाने 'रेडिओ' म्हणायचे, त्या पोरीच्या तोंडून नंतर शब्द फुटेना. बाबांनी घरात सांगून टाकलं, त्या दिवसाचा विषय काढायचा नाही, खपली काढत बसलं तर जखम भरायची कशी? माणूस वाईट नव्हता. लेक सापडेपर्यंत त्यांनी नखं तुटेस्तोवर विटा उपसल्या होत्या. पण भेग दिसली की बुजवायची, एवढंच त्यांना ठाऊक.

मग लेकीच्या खाटेलगतच्या भिंतीतून ठोके यायला लागले. टक्... टक्. रोज दिवेलागणीला. लेक भिंतीकडे बघायची, मग आईकडे. आई म्हणायची, काही नाही गं, पाइप वाजतोय. बाबा म्हणायचे, भिंत पोकळ झाली असेल, आणि थापी घेऊन गिलाव्याचा आणखी एक थर चढवायचे. ठोके मात्र बुजत नव्हते. प्रत्येक थरानंतर ते आणखी जवळून यायचे.

खरं तर हे पाइपाचे ठोके नव्हेत, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून कळत होतं. पोर घाबरू नये म्हणून दोघं मूग गिळून बसले होते. मोठ्या माणसांचं शहाणपण हे असं! पोर घाबरलेलीच होती, आता ती एकटी घाबरत होती.

आई चादर धरून उभी असतानाच खोलीत अंधारून आलं. टक्... टक्. कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या लेकीने आईकडे पाहिलं. 'काही नाही' हे शब्द आईच्या ओठांवर आलेही. पण आणखी काही थर चढले की या खोलीत खाट मावणार नव्हती, आणि मग पोरही. आई खाटेवर भिंतीला टेकून बसली.

"पाइप नाही तो. मलाही ऐकू येतंय," ती म्हणाली. "रोज येतं."

लेक उठून कुशीत शिरली आणि तिने आईचे दोन्ही हात घट्ट धरले.

"तिथं एक मुलगी होती, आई... अंधारात. मी ठोकलं की ती ठोकायची. मला काढलं... पण अजून कोण आहे, हे कुणी विचारलंच नाही."

त्या ढिगाऱ्यात दुसरं कुणी सापडलं नव्हतं. कुणाची मुलगी हरवलीही नव्हती. हे आईला सांगता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "मग?"

मग लेक बोलत सुटली. तोंडात गेलेली माती, तहान, अडकलेला पाय, सगळं. मध्येच रडायची, नाक पुसायची, पुन्हा सांगायची. रेडिओ लागला होता, आणि ऐकता ऐकता आईचेही डोळे वाहत होते. बाबा कामावरून आले, दारातच थबकले. थापी खाली ठेवून तिथेच उंबऱ्यावर बसले आणि ऐकू लागले. ठोके कधी थांबले, कुणाला कळलंच नाही.

लेक सांगून दमली. तिचे दोन्ही हात अजून आईच्या हातांत होते. आणि तेव्हा आईच्या गळ्याभोवती मागून दोन लहान, गार हात पडले. तिच्या पाठीमागे भिंतीखेरीज काहीच नव्हतं.

आई किंचाळली नाही. जरा पुढे सरकून तिने मागे जागा केली.

"तू पण सांग," ती हळूच म्हणाली.

तिच्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला... बोलायच्या आधी घेतात, तसा.